१:१२ मापात जुन्या पुण्यातलं सायकलचं दुकान करतोय – आतलं काम दिसणार कसं?

कानस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेलं काम अखेर हातात घेतलंय. १९७४ च्या सुमाराचं, नारायण पेठेतलं सायकल दुरुस्तीचं दुकान. भाड्यानेही सायकली देणारं. वाड्याला लागून काढलेल्या एकमजली पडवीत आहे असं धरलंय. वर मंगलोरी कौलं, मागे वाड्याची उंच भिंत, पुढे एकेक करून खाचेत सरकवायच्या फळ्यांचं दार. फळ्यांवर आतून खडूने आकडे, कारण क्रम चुकला की शेवटची फळी बसत नाही.

माप १:१२ घेतलंय. फुटाचा इंच होतो, त्यामुळे सगळं काम पट्टीवरच भागतं. दुकान दहा फूट रुंद आणि चौदा फूट खोल, म्हणजे माझ्याकडे दहा इंच बाय चौदा इंच.

मला खरा रस आतल्या गोष्टींत आहे. छताला आकड्यांवर टांगलेल्या रिमा, खिळ्यांवर लटकलेल्या ट्यूबा, पान्यांचा फळा, सोल्यूशनच्या ट्यूबा, पंक्चर बघायचं घमेलं, भाड्याची वही, सगळं हाताने करणार. पण तोंड फक्त समोरून, आणि खोली रुंदीपेक्षा जास्त. मागच्या अर्ध्या भागात काही दिसतच नाही. बाजूची भिंत कापली तर दुकानाचा बंदिस्तपणा जातो, आणि तोच मला सगळ्यात हवाय. छप्पर उचलता येईल असं केलं तर माणूस दुकान वरून बघणार, आणि तसं ते कुणी कधीच पाहिलेलं नाही. तुम्ही काय कराल?

दुसरा प्रश्न चाकांचा. आरे कशाचे करावेत?

मुक्ता_क

काय सुरेख विषय आहे! वाचतेय. फोटो टाकत राहा, अर्धवट कामाचे सुद्धा.

खुडबुड्या

चाकांचं सांगतो, कारण त्यात मी बराच मुरलोय.

आपल्या साध्या काळ्या सायकलचा टायर २८ × १½. रिमेवर तो जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिमी. भागिले १२ केलं की ५३ मिमी येतात. टायरची जाडी साधारण ४० मिमी, म्हणजे आपल्याला सव्वातीन. आता बेअरिंग आणि ऑइल सीलच्या दुकानात जा आणि ५३ × ३ ची ओ-रिंग मागा. तयार टायर! वरून बारीक पॉलिश पेपर फिरवा म्हणजे रबराची चकाकी मरेल.

रिमेला दीड मिमीची पितळी तार. ५३ पेक्षा थोड्या कमी व्यासाच्या पाइपावर गुंडाळा, कारण सोडली की तार थोडी उघडते. सांधा डाग देऊन पक्का करा. आऱ्यांना विजेच्या लवचीक वायरीतली एकेक तार घ्या. खरा आरा २ मिमीचा, म्हणजे आपल्याला ०.१७ हवा, आणि ही तार ०.२ मिमीची मिळते. एवढा फरक डोळ्याला कळत नाही.

पुढच्या चाकाला ३२, मागच्याला ४०. हे चुकवू नका, जाणकार मोजतात. आणि आरे हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून, सरळ बाहेर काढू नका. ते तिरके निघतात आणि एकमेकांना ओलांडून रिमेला जातात. कागदावर आधी नकाशा काढा, तो प्लायवर चिकटवा, रिमेभोवती टाचण्या मारा आणि मग तारा ओढा. हबच्या फ्लँजला, म्हणजे कडेच्या चकतीला, भोकं पाडत बसू नका. जाड कागदाच्या दोन चकत्यांमध्ये तारा चिकटवल्या तरी पुरतं.

बापू_लेथवाले

भोकं पाडावीत. ०.३ मिमीचं ड्रिल मिळतं. हब मी ५ मिमीच्या पितळी सळईतून लेथवर काढून देईन, कानस, पत्ता निरोपातून कळवा. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

अनामिका_ठाणे

बापू, _/\_

माझी एक सूचना. छऱ्यांचा डबा करायचा असेल तर खसखस चंदेरी रंगवून घाला. आम्ही बाहुलीघरात तेच वापरतो.

खुडबुड्या

अनामिका, खसखशीचा दाणा साधारण एक मिमी. १:१२ मध्ये तो १२ मिमीचा छर्रा झाला. सायकलच्या मागच्या हबात पाव इंची छर्रे असतात, म्हणजे अर्धा मिमी हवा. नेल आर्टला वापरतात ते सगळ्यात बारीक मणी बघा, किंवा डब्यात काळपट ग्रीसचा थर दाखवून वर चंदेरी ठिपके द्या. खऱ्या डब्यातही छर्रे तेलात बुडालेलेच असतात.

अनामिका_ठाणे

हे पटलं. खसखस आता अनारशांनाच.

सुतारपक्षी

लाकडाबद्दल. फळ्या सागाच्या करण्याचा मोह होईल, करू नका. सागाच्या रेषा ठळक असतात, १:१२ च्या फळीवर त्या बोटभर रुंद भेगा वाटतात. बारीक रेषेचं लाकूड घ्या. हेद म्हणजे हळदू मिळालं तर उत्तमच, त्याच्या फण्या आणि पट्ट्या करतात ते उगाच नाही. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची करतात तोही कापायला हलका, पण मऊ असल्यामुळे कडा लवकर दबतात. तुमच्या फळ्या रोज सरकवून झिजलेल्या दाखवायच्या असतील तर उलट ते सोयीचंच. मग सागाचा रंग चढवा.

भिंतींना पुठ्ठा वापरणार असाल तर रंग किंवा सीलर दोन्ही बाजूंनी द्या. एकाच बाजूने दिला की भिंत धनुष्यासारखी वाकते, आणि पावसाळ्यात तर हमखास.

शिकागोची_शर्वरी

मूळ प्रश्नाकडे येते. इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये थॉर्न रूम्स आहेत, ६८ खोल्या, सगळ्या १:१२ मध्ये. १९३२ ते १९४० या काळात मिसेस जेम्स वॉर्ड थॉर्न यांच्या देखरेखीखाली कारागिरांनी केलेल्या. मी तिथे जाते तेव्हा एकेका खोलीपुढे रेंगाळते. खोली समोरच्या काचेतूनच बघायची असते. भिंत कापलेली नाही, छप्पर उचललेलं नाही. तरी मागचा कोपरासुद्धा दिसतो, कारण उजेड खोलीच्या बाहेरून येतो. खिडकीपलीकडे बाग रंगवलेली आहे आणि ऊन तिथून आत पडतं. अर्धवट उघड्या दारातून शेजारच्या दालनाचा तुकडा दिसतो, तोही उजळलेला. डोळा आपोआप उजेडाकडे ओढला जातो आणि वाटेतल्या सगळ्या वस्तू बघून घेतो.

तेव्हा तुम्ही मागे उजेडाला एक वाट ठेवा. खिडकी किंवा परसदार, काहीही.

आणि त्या खोल्यांत माणसं नाहीत. तुम्ही मिस्त्री बसवणार आहात का?

कानस

शर्वरी, फार मोलाचं सांगितलंत. पण मागे वाड्याची भिंत आहे, खिडकी निघणार नाही. विचार करतो.

मिस्त्री बसवावा की नाही हे अजून ठरत नाहीये.

रानवाटा

माणूस नकोच. १:१२ मध्ये चेहरा जरा चुकला की सगळं दुकान खेळण्यातलं वाटू लागतं. उठून गेलेला माणूस वस्तूंतून दाखवा. अर्धा काढलेला टायर, शेजारी चहाचा ग्लास.

मुक्ता_क

मला उलट वाटतं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या बाहुल्या आणि देखावे आहेत, वेगवेगळे व्यवसाय करणारे लोक, खेड्यातलं जगणं. १८७२ पासून ते संग्रहालय लोकांसाठी खुलं आहे. ती माणसं हातात काम घेऊन बसली आहेत म्हणून तर आपण थांबून बघतो. हत्यार कसं धरलंय, पाय कसा मुडपलाय. कारागीर वगळून कारागिराचं दुकान करायचं हे मला पटत नाही.

गोट्या_सोलापूर

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे ठेवतोच की. महाराज दरवाज्यापेक्षा मोठे असले तरी कुणाची हरकत नसते 😀

रानवाटा

गोट्या, किल्ल्याची गोष्टच वेगळी! आमच्या गल्लीत विहिरीत खरं पाणी आणि डोंगरावर हळिवाचं गवत असायचं. मापं जुळवायची हे सुचायचंच नाही.

अनामिका_ठाणे

किल्ल्यावरून आठवलं, पुण्यात कर्वे रस्त्यावरचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलंय का कुणी? मुलांना नेलं होतं. दिवस मावळतो, गावात दिवे लागतात आणि सगळा खोलीभर देखावा हलता. कानस, प्रकाशासाठी एकदा बघून याच.

बापू_लेथवाले

आता सविस्तर.

मी शाळेत असताना सुट्टीत सायकलच्या दुकानात हाताखाली होतो, नंतरचं सगळं आयुष्य लेथवर गेलं. तुमची यादी वाचली. वस्तू सगळ्या बरोबर आहेत, पण त्या कुठे ठेवायच्या ते मिस्त्री बसतो तिथून ठरवा.

मिस्त्री दाराशी बसतो, आत नाही. पंक्चर बघायला उजेड लागतो, आणि गिऱ्हाइकाला सायकल आत आणावी लागत नाही. बसायला बुटका पाट किंवा लाकडी खोका. घमेलं डाव्या हाताला, जरा पुढे, कारण ट्यूब डाव्या हातात धरून पाण्यातून सरकवायची आणि उजव्या हाताने बुडबुडा येतो तिथे काडीने खूण करायची. घमेल्याभोवतीची फरशी कायम ओली. शहाबादी असेल तर ओला भाग गडद निळसर दिसतो, कोरडा भाग राखाडी. उजवीकडे टायर लिव्हर, कानस (तुम्ही नव्हे, खरी), सोल्यूशन आणि जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे.

पान्यांचा फळा आत असतो, पण रोजचे दोन-तीन पाने फळ्यावर कधीच नसतात, ते पाटाशेजारी पडलेले. फळ्यावर फक्त त्यांची जागा रिकामी, आणि तिथल्या रंगावर पान्याच्या आकाराची स्वच्छ खूण. कोन पाने (हबचे कोन आवळायचे चपटे पाने) फळ्यावर दाखवा, ते ओव्हरहॉलिंगलाच लागतात.

आऊट काढायचं, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करायचं काम मात्र आत. चाक कैचीत लावून, एका डोळ्याने रिम बघत, एकेक निपल आवळायचं. त्याला शांतता लागते. म्हणून आतल्या बाजूला एक उंच टेबल असायचं, त्याच्या कडेवर ग्रीसची बोटं पुसून पुसून काळा तुळतुळीत थर चढलेला.

आता भिंत. दोन खुणा नक्की करा. पाटाच्या मागे, बसलेल्या माणसाची पाठ टेकते तिथे तेलकट गोल डाग. आणि भाड्याच्या सायकली ज्या भिंतीला लावून ठेवायच्या तिथे जमिनीपासून तीन-सव्वातीन फुटांवर मुठींनी ओरखडलेले आडवे पट्टे, चुना जाऊन आतली माती दिसणारे. तुमच्या मापात तीन-सव्वातीन इंचांवर. एवढं दाखवलंत तर माणूस बसवायची गरज उरत नाही, बसवलात तरी तो आपल्या जागेवर बसलेला दिसेल.

आणि घड्याळ! तासावर सायकली देणाऱ्या दुकानात भिंतीवर घड्याळ हवंच, तेही बाहेर उभ्या गिऱ्हाइकाला दिसेल असं. नाहीतर रोज भांडणं.

खुडबुड्या

बापू, हा प्रतिसाद छापून कामाच्या टेबलावर लावतोय. पान्याची खूण तर क्या बात है.

सुतारपक्षी

+१. तेलकट डागासाठी: काळा आणि तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून थरावर थर द्या. सगळीकडे चकाकी नको. ताजं तेल सांडलंय तिथेच ग्लॉस व्हार्निश, बाकी सगळं मंद. पान्यांना काळा रंग देऊन वर ६बी पेन्सिलीची पूड बोटाने घासा, अस्सल लोखंड दिसतं. फेविक्विक काचेजवळ आणि व्हार्निशजवळ वापरू नका, त्याच्या वाफेने पांढरी धुरी धरते.

निळू_नगरकर

साल १९७४ म्हणताय म्हणून. कालनिर्णय १९७३ ला सुरू झालं, तेव्हा भिंतीवर चालेल. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणही चालेल. दरपत्रक पैशांतच हवं, नवे पैसे १९५७ ला आले. सायकलींना महापालिकेचा बिल्ला विसरू नका.

आणि नारायण पेठ म्हणजे पानशेत! १२ जुलै १९६१ चं पाणी त्या भागात शिरलं होतं. भिंतीवर पुराची रेघ दाखवा.

रानवाटा

तेरा वर्षं रेघ राहील? दरवर्षी नाही तरी दोन वर्षांनी चुना मारतातच की. नीळ घालून.

निळू_नगरकर

भिंतीवर नसेल, मान्य. पण लाकडावर राहील. जुन्या कपाटाचा खालचा भाग फुगलेला, दार नीट न लागणारं, वरच्या भागाचा रंग वेगळा. ज्याला माहीत आहे त्याला बरोबर कळेल.

कानस

निळूभाऊ, कपाट नक्की. हे मला सुचलंच नसतं.

अभियंता_विजय

एक प्रश्न. हे सगळं रेझिन थ्रीडी प्रिंटरवर का नाही करत? ०.०५ मिमीचे थर मिळतात, पाने, पेडल, डायनॅमो सगळं एका रात्रीत. ४० आरे हाताने ओढण्यात इतका वेळ घालवण्यापेक्षा तो वेळ मांडणीला द्या.

खुडबुड्या

विजय, पेडल आणि डायनॅमो प्रिंट करायला माझी हरकत नाही. आरे नकोत. ०.१७ मिमीचा रेझिनचा आरा हात लागला की तुटतो आणि काही महिन्यांत वाकतो. ओढलेली तार ताणलेली दिसते, कारण ती खरंच ताणलेली असते.

बापू_लेथवाले

विजय, तुमचं म्हणणं चूक नाही. एकसारख्या वीस वस्तू लागतात तिथे यंत्र वापरावं, मी जन्मभर तेच केलं. पण या दुकानातले पाने एकसारखे नसतात. एकाचं तोंड फाकलेलं, एकाला पाइप घालून लांब केलेलं, एक लोहाराकडून वळवून आणलेला. पत्र्याच्या डब्याचा तुकडा घ्या, कात्रीने कापा, कानशीने घासा. प्रत्येक वेगळा होईल.

अभियंता_विजय

हे मान्य. मग तडजोड: डायनॅमो, पेडल आणि घंटी मी प्रिंट करून पाठवतो. साखळीचं काय करणार? पिच, म्हणजे कडीची लांबी, अर्धा इंच; आपल्या मापात एक मिमीची कडी.

खुडबुड्या

पूर्ण चेनकव्हर असलेली सायकल दाखवायची. प्रश्न मिटला.

रेवदंडेकर

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्या पहिल्याच परिच्छेदात आहे असं मला वाटतं. छप्पर मंगलोरी कौलांचं आहे ना? मग एक काचेचं कौल घाला!

आमच्याकडे कोकणात माजघरात, स्वयंपाकघरात खिडकी नसली तरी एखाद-दुसरं काचेचं कौल असतंच. दुपारी त्यातून उन्हाचा चौकोन खाली पडतो आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहतो. पुण्यातल्या कौलारू पडव्यांतही मी पाहिलंय. मागच्या अंधाऱ्या भागावर ते कौल ठेवा, खाली बापूंचं आऊट काढायचं टेबल. शर्वरीताई म्हणतात तसा उजेड बाहेरून येईल, भिंत कापायला नको, छप्पर उचलायला नको.

शिकागोची_शर्वरी

वा! अगदी हेच हवं होतं.

मुक्ता_क

रेवदंडेकर, टाळ्या!

अभियंता_विजय

उजेडाचं तंत्र माझ्याकडे. वाड्याची उंच भिंत मागे आहेच, तिच्या छज्जाखाली ५ मिमीचा पारदर्शक भिंगाचा एलईडी लपवा, कौलाकडे तोंड करून. दुधी घेऊ नका, त्याचा झोत पसरतो. दुकानातल्या पिवळ्या बल्बसाठी ३ मिमीचा वॉर्म व्हाइट. दोन्हींना मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर पुरतो, प्रत्येक एलईडीला वेगळा २२० ओहमचा रेझिस्टर. पूर्ण तेजाने लावू नका, १:१२ मध्ये थोडा उजेडही जास्त होतो. तारा लाकडी पट्टीवरून न्या, तेव्हाचं वायरिंग तसंच असायचं, त्यामुळे लपवायचीही गरज नाही.

निळू_नगरकर

आता घड्याळ आणि ऊन जुळवा! पुण्यात शून्य सावली मे महिन्याच्या मध्यावर येते. त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, साधारण साडेबाराला. तेव्हा कालनिर्णयाचं पान मे, काटे साडेबारावर, म्हणजे उन्हाचा चौकोन काचेच्या कौलाच्या थेट खाली. झोत सरळ खाली सोडता येईल, तिरका कोन साधत बसायला नको.

गोट्या_सोलापूर

पुण्यातलं दुकान आहे, साडेबाराच ठेवा. एक वाजला तर फळ्या लावलेल्या दाखवाव्या लागतील 😀

कानस

मंडळी, काल रात्री पुठ्ठ्याचा कच्चा साचा करून कौलाचं बघितलं. काचेऐवजी अॅक्रिलिकचा तुकडा, वर टॉर्च धरला. समोरून बघितल्यावर नजर पाटावरून, टांगलेल्या रिमांच्या खालून थेट मागच्या टेबलापर्यंत जाते. रिमांच्या सावल्या फरशीवर पडतात, आऱ्यांसकट. त्यामुळे खुडबुड्या, आरे तारेचेच आणि ३२-४०.

मांडणी बापूंच्या पाटावरून आखतोय. मिस्त्रीबद्दल मुक्ता आणि रानवाटा दोघांचं ऐकून ठरवलं: दाराशी पाट रिकामा, मागच्या टेबलाशी पाठमोरा मिस्त्री, चाकावर वाकलेला. चेहरा दिसत नाही, हात दिसतात.

कौलं मीच मातीच्या साच्यातून पाडतोय. आता अडलंय ते ब्रेकवर. तेव्हाच्या सायकलींना केबल नसे, सळयांचे ब्रेक असत. हँडलखालून मागच्या चाकापर्यंत त्या सळया नक्की कुठून कशा वळतात, जवळून काढलेले फोटो कुणाकडे आहेत का?

बापू_लेथवाले

फोटो कशाला, माझ्याकडे सायकलच आहे. रविवारी सकाळी या. मोजपट्टी आणा, आणि सोबत जुनी चादर, तिला आडवी पाडून बघावी लागेल.

खुडबुड्या

बापू, मीही येऊ का? पुढच्या ब्रेकची सळई स्टिअरिंगच्या नळीपुढून खाली उतरते आणि फोर्कजवळ घोड्याच्या नालासारख्या तुकड्याला मिळते, तिथला सांधा मला आजवर नीट बघायला मिळालेला नाही.

बापू_लेथवाले

या की. दोघांना पुरेल एवढी जागा आहे पडवीत. हबची सळई मी शनिवारीच लावून ठेवतो.